'डेली' मधे की 'एव्हरी डे' शेवटी?

'मी रोज सहाला उठतो' हे इंग्रजीत सांगताना आपल्याकडे हमखास 'आय डेली गेट अप ॲट सिक्स' निघतं. मराठीत 'रोज' क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून 'डेली'लाही तिथेच बसवलं जातं. मग वारंवारता सांगणारा शब्द ठेवायचा कुठे, मधे की शेवटी?

मधली जागा ऑलवेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर या एकट्या शब्दांची. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: 'शी ऑफन वॉक्स टू वर्क.' ॲम, इज, आर, वॉज, वेअर हे मुख्य क्रियापद असेल तर मात्र त्यांच्यानंतर: 'शी इज ऑफन लेट.' हॅव, विल, कॅन सोबत आले तर त्यांच्या पाठोपाठ: 'आय हॅव नेव्हर सीन स्नो.'

शेवटची जागा मोजून सांगणाऱ्यांची: एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, वन्स अ मंथ. ही मंडळी मधे शिरत नाहीत. म्हणून 'आय गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे'. 'डेली'च वापरायचा हट्ट असेल तर तोही शेवटीच शोभतो. दोन्हींत अडखळत असाल, तर मी 'एव्हरी डे' घ्या म्हणेन.

समटाइम्स आणि यूज्वली वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात. ऑलवेज आणि नेव्हर तिथे शोभतात ते आज्ञा देताना: 'ऑलवेज वॉश युवर हँड्स.' 'नेव्हर हॅव आय सीन...' अशी उलटी रचना असते, पण ती भाषणात ठीक, चहाच्या टपरीवर नको.

जागेपेक्षा अर्थाची निवड अवघड. 'तो नेहमी येत नाही' म्हणजे अधूनमधून येतो. इंग्रजीत 'ही डझन्ट ऑलवेज कम'. 'कधीच येत नाही' असेल तर 'ही नेव्हर कम्स', इथे 'डझन्ट' नको, कारण नेव्हरच्या पोटातच नकार आहे. रेअरलीचंही तेच. आणि 'बहुतेक' तर फसवाच: 'तो बहुतेक येईल' यात वारंवारता नाही, शक्यता आहे, म्हणून तिथे यूज्वली नव्हे, 'प्रॉबॅब्ली'.

एक गंमत राहिली. 'ही ऑलवेज लूझेस हिज कीज' ही नुसती माहिती झाली. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' म्हटलं की बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसते: हा सारखा किल्ल्या हरवतो बाबा!