बर्लिनमध्ये एक्सचेंज विद्यार्थिनी म्हणून दोन सेमिस्टर: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. बर्लिनला एक्सचेंजवर जायची संधी मिळत असेल तर नक्की जा, पण एका सेमिस्टरसाठी जाऊ नका. पूर्ण वर्ष घ्या आणि ते ऑक्टोबरात सुरू करा. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करताना ऑक्टोबर २०२४ ते जुलै २०२५ तिथल्या फ्राये युनिव्हर्सिटेटमध्ये होते. माझ्याबरोबर आलेली कितीतरी मुलं एक सेमिस्टर संपल्यावर फेब्रुवारीत परत गेली. आजही त्यांच्याशी बोलताना जाणवतं की त्यांचं बर्लिन वेगळं आणि माझं वेगळं.

याचं पहिलं कारण उजेड. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. मधल्या वेळातही बहुतेक ढगच असतात. दुपारी दोनचा वर्ग संपवून बाहेर पडलं की अंधार. आपल्याकडे थंडी हा सुखाचा ऋतू असतो, त्यामुळे या अंधाराची कल्पना इथे बसून येत नाही. गारठ्यासाठी चांगला कोट आणि बूट मिळतात. उजेडाच्या अभावावर असा उपाय नाही, दिवस आखून घ्यावा लागतो. सकाळी अकराच्या आत घराबाहेर पडायचंच, हा नियम मी नोव्हेंबरात केला आणि मार्चपर्यंत पाळला. जूनमध्ये नेमकं उलट होतं: पहाटे पाचच्या आधी उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत सूर्य असतो. फेब्रुवारीत परतणाऱ्याने यातली फक्त पहिली बाजू भोगलेली असते.

तरीही उन्हाळी सेमिस्टरलाच, म्हणजे एप्रिलमध्ये जा, असं मी म्हणणार नाही. शहर कळतं ते हिवाळ्यातच. बाहेर काही करण्यासारखं नसल्यामुळे माणसं स्वयंपाकघरात बसतात, तासन्‌तास बोलतात आणि घरी जेवायला बोलावतात. माझ्या सगळ्या मैत्र्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या आहेत. उन्हाळ्यात आलेल्या मुलांना ओळखी भरपूर मिळतात, पण तोवर लोकांचे गट ठरलेले असतात.

आता अभ्यास, कारण जायचं त्यासाठीच. तिथे दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो आणि पावणेबाराला संपतो. ही पंधरा मिनिटं वेळापत्रकातच धरलेली असतात. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात. व्याख्यानांपेक्षा सेमिनार महत्त्वाचे. आठवड्याला प्रत्येक सेमिनारचं पन्नास-साठ पानांचं वाचन येतं, आणि ते करून आला नाहीत तर दीड तास गप्प बसावं लागतं, कारण प्राध्यापक शिकवत नाहीत, चर्चा चालवतात. दुसऱ्या वर्षाची मुलगी प्राध्यापकांना सरळ सांगते की हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि ते वही काढून तिचा मुद्दा लिहून घेतात. मी पुण्यात चांगली विद्यार्थिनी होते, म्हणजे नोट्स चांगल्या काढायचे. तिथे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की हे वाचून तुला काय वाटलं. या एका प्रश्नासाठी सगळा खटाटोप मला मान्य आहे.

गुणांची पद्धत उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, आणि पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं धरतात. पहिल्या सेमिस्टरला ३० घेऊ नका, २० पुरे. प्रत्येक सेमिनारच्या शेवटी पंधरा-वीस पानांचा निबंध असतो, त्याला हाउसआर्बाइट म्हणतात. तो तास संपल्यावर, सुट्टीच्या आठवड्यांत लिहायचा असतो. युरोप फिरायचे बेत नेमक्या याच आठवड्यांत रचले जातात, हे लक्षात ठेवा. माझे निबंध विद्यापीठाच्या भाषाशास्त्र ग्रंथालयात लिहून झाले. नॉर्मन फॉस्टर यांनी आराखडा केलेली ती घुमटाकार इमारत २००५ साली उघडली. आकारामुळे तिला सगळे ‘बर्लिनचा मेंदू’ म्हणतात. आत दिवसभर पांढरा, सौम्य प्रकाश असतो. जानेवारीत त्या प्रकाशाची किंमत फार कळते.

राज्यशास्त्राचे काही वर्ग ईनेश्ट्रासेवर भरतात. तिथली २२ क्रमांकाची इमारत १९२७ ते १९४५ या काळात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेची होती. वंशशुद्धीच्या नाझी धोरणाला शास्त्राचा मुलामा देण्याचं काम इथे झालं. आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले मानवी अवयवांचे नमुने पाठवत असे, ते याच संस्थेकडे. दारापाशी १९८८ पासून स्मृतिफलक आहे आणि मी पोहोचले त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इमारतीच्या आत कायमचं प्रदर्शन सुरू झालं. इरावती कर्वे याच संस्थेत शिकल्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या पुण्याहून इथे आल्या. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून युरोपीयांचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध सापडत नाही असं प्रबंधात लिहिलं. १९३० साली त्यांना पदवी मिळाली.

हे मी पुण्यात वाचलं होतं. पण ज्या जिन्यावरून त्या चढल्या असतील तिथून रोज वर्गात जाणं निराळं होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपलं भवितव्य ज्यांच्या हातात आहे त्या गाइडच्या सिद्धान्ताविरुद्ध लिहायला काय लागत असेल, हा विचार माझा पाठलाग करत राहिला. सेमिनारमध्ये तोंड उघडायला मला त्याचीच मदत झाली. पुण्याहून जाणाऱ्या प्रत्येक मुलीने डालेममध्ये, म्हणजे माझं विद्यापीठ असलेल्या भागात, जाऊन ती इमारत पाहावी, तुमचं विद्यापीठ कोणतंही असो.

राहण्याची जागा हा या अनुभवातला सर्वांत कमकुवत भाग. बर्लिनमध्ये खोली मिळवणं खरोखर अवघड आहे, आणि विद्यापीठाने वसतिगृहाची जागा देऊ केली तर लांब असली तरी डोळे झाकून घ्या. मला ती मिळाली नाही. शेअर फ्लॅटमध्ये खोली घ्यायची तर आधीचे रहिवासी मुलाखत घेतात. नुसता व्हिडिओ दाखवून आगाऊ अनामत मागणारे भामटेही भरपूर आहेत, त्यामुळे खोली आणि माणूस समोर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी, आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते पत्र नसेल तर पुढची बरीच कामं अडतात. माझ्या पहिल्या घरमालकाने पत्र द्यायचं कबूल केलं आणि मी राहायला गेल्यावर नकार दिला. महिनाभरात मी ते घर सोडलं. तेव्हा ‘पत्र देणार ना’ हे तोंडी विचारू नका, करारात लिहून घ्या.

दुसरी खोली मिळाली बर्लिनच्या नॉयकोल्न भागात, हर्मानश्ट्रासेजवळ, सगळं धरून ५६० युरोंना. तिथून रिंगबानने हायडेलबर्गर प्लात्झ, मग यू-३ या मेट्रोने डालेम. रिंगबान म्हणजे शहराभोवती गोल फिरणारी लोकल, पूर्ण फेरीला एक तास लागतो. स्टेशनांवर तिकिटाचे अडथळे नाहीत, पण साध्या वेषातले तपासनीस चढतात आणि दंड ६० युरो. विद्यार्थ्यांना काळजी नसते, कारण सेमिस्टरच्या फीमध्येच देशभराचा पास येतो. माझ्या वेळी हिवाळी सेमिस्टरला तो सहा महिन्यांचा १७६.४० युरोंना होता, उन्हाळी सेमिस्टरला २०८.८० झाला. जलद गाड्या सोडून जर्मनीतल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांमध्ये तो चालतो. लाइपझिग, ड्रेस्डेन, बाल्टिक समुद्र, सगळं मी याच पासावर पाहिलं. एक्सचेंजमध्ये ट्यूशन फी नसतेच, त्यामुळे पैशाच्या मोबदल्यात या पासाइतकं काहीही मिळालं नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागले, त्यातून दरमहा ९९२ हातात येतात. मी गेले तेव्हा युरो ९२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ ११ लाख. परत येईपर्यंत तो शंभरीला पोहोचला. खोलीचे ५६०, आरोग्य विम्याचे १४० च्या आसपास, आणि उरलेल्यात जेवण, फोन, पुस्तकं. भागतं, पण शिल्लक पडत नाही. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला त्या भरवशावर जाऊ नका. शिष्यवृत्ती असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर घरच्यांशी हा आकडा आधी नीट बोला.

खाण्याचे हाल होतील ही घरच्यांची भीती पूर्ण चुकीची ठरली. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, विद्यार्थी दरात गरम जेवण मिळतं, शाकाहारी भरपूर. नॉयकोल्नमध्ये अरबी आणि तुर्की दुकानं पावलोपावली आहेत, तिथे मसूर, छोले, भेंडी, वांगी, कोथिंबीर, मिरची सगळं मिळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरवर कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी जा, भाव पडलेले असतात. घरून न्यायचं ते गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, चटण्या. तूप आणि पेढे नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि रविवारी मिक्सर लावू नका. रविवार आणि रात्री दहानंतरची शांतता लोक मनापासून पाळतात. दुकानंही रविवारी बंद, मोठ्या स्टेशनांतली सोडून. हा बंद रविवार मला सुरुवातीला जाचला, नंतर तोच आठवड्यातला सर्वांत आवडता दिवस झाला.

शहर किती जिवंत आहे असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात क्लब आणि संगीत असतं. ते आहेच. मला मात्र ते शहर राजकारणात सर्वांत जिवंत दिसलं. जर्मनीचं सरकार पडलं आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला देशात मुदतपूर्व निवडणूक झाली, मतदान ८२.५ टक्के. स्थलांतर हा प्रचाराचा एक मोठा मुद्दा होता आणि स्थलांतरितांना विरोध करणारा एएफडी पक्ष देशात दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या आठवड्यांत माझ्यासारखी मुलगी ट्रेनमध्ये थोडी सावध बसायची, हे नाकारणार नाही. पण आमच्या दारावर डी लिंके या डाव्या पक्षाचे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा येत होते, मत मला नाही हे कळल्यावरही भाडं किती, घरात ओल आहे का, हीटर चालतो का, हे विचारून घेत होते. नॉयकोल्नमधून त्यांचे फेरात कोचाक निवडून आले. जुन्या पश्चिम बर्लिनमधला मतदारसंघ त्या पक्षाने थेट जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दारोदारचा प्रचार मी सोलापुरात लहानपणापासून पाहिला आहे. भाडेकरूच्या हीटरपासून सुरू होणारा प्रचार पाहिला नव्हता. माझ्या प्रबंधाचा विषय मला तिथे सापडला.

याच हिवाळ्यात शहराने सांस्कृतिक खर्चात मोठी कपात केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं मोफत असायची, ती सोय २०२४ च्या अखेरीस बंद झाली. जुने लेख वाचून जाणाऱ्यांनी हे गृहीत धरू नये. फिलहार्मनी या संगीतसभागृहात दुपारचे मोफत कार्यक्रम मात्र मी ऐकले, आणि ते उत्तम होते.

मग एप्रिल येतो. टेम्पेलहोफर फेल्ड हा जुना विमानतळ २००८ ला बंद झाला आणि २०१० ला लोकांसाठी उघडला. त्यावर इमारती उभ्या करायचा सरकारचा बेत २०१४ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. आज धावपट्टीवर सायकली फिरतात, पतंग उडतात, कडेला लोक भाज्या लावतात. माझ्या घरापासून ते चालत होतं. घरांची एवढी टंचाई असलेल्या शहराने तीनशेहून जास्त हेक्टर मोकळे ठेवणं बरोबर की चूक, यावर आमच्या घरात मोठे वाद झाले. मी मोकळ्या मैदानाच्या बाजूची होते, अजून आहे.

भाषेबद्दल एवढंच: वर्ग इंग्रजीत मिळाले तरी किमान ए-२ पर्यंत, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, जर्मन करून जा. घर, डॉक्टर आणि सरकारी कागद इंग्रजीत येत नाहीत.

निघण्याआधीचं एक काम मात्र टाळू नका. कोणता विषय इथल्या कोणत्या पेपरच्या बदल्यात धरणार, हे विभागप्रमुखांच्या सहीनिशी घ्या, आणि गुणांचं रूपांतर कोणत्या सूत्राने होणार तेही. आपलं सत्र नोव्हेंबरात संपतं आणि तिथलं फेब्रुवारीत. त्यात निबंध मार्चमध्ये जातात आणि तपासायला आणखी काही आठवडे लागतात. माझं उन्हाळी सेमिस्टरचं गुणपत्रक परत आल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मिळालं, तोवर इथे परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत उलटून गेली होती. आधीची सही हातात होती म्हणून तात्पुरता प्रवेश मिळाला. जुलैत निघण्यापूर्वी तिथल्या प्रत्येक प्राध्यापकांना परतीची तारीख कळवा आणि गुण लवकर देता येतील का, हे विचारा. मी विचारलं त्या सगळ्यांनी दिले.