रोज फोटो यायचे, माणूस मात्र येत नव्हता

मोठं होणारे हे, पण घरी मांजर असेल आणि बाहेर जाताना सिटर (आपण नसताना घरी येऊन मांजराला बघणारा माणूस) ठेवायचा विचार असेल तर वाचाच, त्यातून बोका असेल तर नक्कीच.

आमचा मन्या ९ वर्षांचा, जाडा, आणि दोन वर्षांपूर्वी त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग फार बारीक असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी बंद, आणि पूर्ण बंद झाली तर रक्तात पोटॅशियम वाढत जातं, हृदय गडबडतं, दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा नळी घालून वाचला. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की याच्या पोटात पाणी जास्तीत जास्त गेलं पाहिजे, म्हणून दोन्ही वेळा ओलं खाणं. पाऊचमधल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यात जेमतेम १० टक्के. म्हणजे आमच्याकडे सिटरचं काम नुसतं वाडगं भरून जायचं नव्हतं, सकाळ-संध्याकाळ पाऊच फोडायचा, पाणी बदलायचं, आणि लिटर बॉक्समधले (मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या डब्यातले) गोळे मोजून मला कळवायचं एवढं होतं. लघवी पडली की ती वाळू चिकटून त्याचा गोळा होतो. गोळे मोजायला का, तर रोज दोन-चार गोळे निघतायत म्हणजे लघवी नीट होतेय. तेच आमचं मीटर.

९ दिवस आम्हा दोघांनाही जावं लागणार होतं. ऑनलाइन एक जण सापडला, प्रोफेशनल पेट सिटर म्हणून प्रोफाइल, एका संस्थेचा मेंबर असल्याचा लोगो, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट, रिव्ह्यू सगळे पाच स्टार. आधी घरी येऊन भेटून गेला. बोलायला इतका गोड की काय सांगू, प्रत्येक वाक्याला ताई ताई. आता मागे वळून बघते तर त्या भेटीतच सगळं दिसत होतं हो. मन्या पलंगाखाली जाऊन बसला होता, हा एकदा सुद्धा वाकून बघायला गेला नाही. डॉक्टरांचा नंबर मीच दिला, त्याने विचारला नव्हता. रात्री काही झालं तर कुठे न्यायचं, खर्चाला परवानगी कोणाची, मांजर लपून बसलं तर कुठे शोधायचं, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं काय, तर पैसे सगळे आधी मिळतील का आणि वायफायचा पासवर्ड काय. नवरा म्हणाला होता जरा वेगळाच वाटतोय हा, मी म्हटलं तुला सगळेच वेगळे वाटतात.

गेल्यावर रोज दोन फोटो. सकाळी एक, रात्री एक. मन्या सोफ्यावर, मन्या खाताना, मन्या खिडकीत. खाली मेसेज, 'ताई आज छान जेवला, गोळे तीन, काळजी करू नका.' मी ते फोटो सगळ्या नातेवाईकांना फॉरवर्ड करत होते, बघा किती चांगला माणूस मिळाला म्हणून. चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल करते म्हटलं तर म्हणे नेट नाही चालत आत्ता. सहाव्या दिवशी म्हणे दुसऱ्या क्लायंटकडे निघालोय, मन्या झोपलाय, कशाला उठवता. मी पण म्हटलं, बरोबर आहे, कशाला उठवायचं. मूर्ख मी.

दार उघडलं तेव्हा वासच आला आधी. लिटर बॉक्स वरपर्यंत भरलेला, त्यात जागा उरली नाही म्हणून बाथरूमच्या पायपुसण्यावर केलेलं, आणि त्यावर लालसर डाग. पाण्याचं भांडं तळाला वाळून पांढरं झालेलं. जमिनीवर एक मोठी परात (माझीच, कपाटातून काढलेली) आणि तिच्यात कोरड्या दाण्यांचा ढीग, बराचसा संपलेला. कोरडं आमच्याकडे मोठ्या बरणीत अडीअडचणीला ठेवलेलं असतं, ते सगळं ओतून साहेब मोकळे. पाऊच मी २० ठेवले होते, दोन जास्तीचे. मोजले तर १७ तसेच.

मन्या बाथरूमच्या कोपऱ्यात बसून सारखा जोर करत होता आणि थेंब थेंब पडत होतं. बॅग तिथेच टाकून डॉक्टरांकडे पळालो. पूर्ण तुंबलं नव्हतं पण त्याच वाटेवर होतं, मूत्राशय दगडासारखं घट्ट लागत होतं हाताला. परत नळी, सलाईन, तीन दिवस ॲडमिट. डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि काही होत नाहीये, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका, रात्री असेल तर रात्रीच उचलून न्या. हे सिटरला पण लिहून द्या. मी लिहून दिलं होतं, पण वाचायला माणूस घरात यायला तर हवा ना.

त्याला फोन केला तर शांतपणे म्हणतो, ताई तो ओलं खातच नव्हता म्हणून कोरडं दिलं, मी रोज दोनदा येत होतो, फोटो आहेत ना तुमच्याकडे. इतका ठाम बोलला की मिनिटभर मलाच वाटलं आपलंच काही चुकतंय का.

मग रात्री झोप लागेना म्हणून ते १८ फोटो एकामागे एक बघत बसले. खाण्याचे पाच फोटो होते वेगवेगळ्या दिवसांचे, पाचही फोटोंत वाडग्यातल्या खाण्याला डाव्या बाजूला तोच खळगा. नुसता अँगल बदललेला. 'रात्रीच्या' फोटोंत पडदे ओढून दिवा लावलेला होता, आणि त्यातल्या एकात पडद्याच्या खालून फरशीवर उन्हाची लख्ख पट्टी! रात्री नऊला पाठवलेला फोटो तो. दोन फोटोंत त्याची बाही आलीय कडेला, एक पहिल्या दिवसाचा, एक आठव्या दिवसाचा, शर्ट तोच. शर्ट बदलायची तसदी सुद्धा नाही. पहिल्याच दिवशी सगळे काढून ठेवले आणि रोज घरी बसून दोन-दोन सोडत राहिला.

ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हटलं, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. तर म्हणे फोन फॉरमॅट केला. बरं. मग नवऱ्याच्या डोक्यात आलं की वायफाय घेतलं होतं ना याने. आमच्या राउटरच्या ॲपमध्ये कुठला फोन कधी जोडला होता ते दिसतं. त्याचा फोन पहिल्या दिवशी ५० मिनिटं, पाचव्या दिवशी ११ मिनिटं. बस. स्वतः मागून घेतलेल्या पासवर्डनेच पकडला गेला. स्क्रीनशॉट पाठवला, दोन टिक निळ्या झाल्या, आणि ब्लॉक.

मग जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं. संस्थेची मेंबर लिस्ट साइटवरच होती, नाव टाकलं की कळतं, याचं नाव नव्हतं. रिव्ह्यू नीट वाचले तर सगळ्यांत तेच 'अगदी घरच्यासारखा जीव लावला', आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल कधी काही लिहिलेलंच नाही. चावी परत दिली होती पण तिची नक्कल काढलीय की नाही कोण सांगणार, त्यामुळे कुलूप बदललं, तो खर्च वेगळा.

आता नवीन सिटर आहे एक बाई. पहिल्या भेटीत अर्धा तास त्यांनीच मला प्रश्न विचारले, शेवटचा गोळा किती मोठा होता इथपर्यंत. पैसे अर्धे आधी, अर्धे परत आल्यावर. आणि मी आता मनाला येईल त्या वेळी मेसेज टाकते की लाल चमचा वाडग्याशेजारी ठेवून फोटो पाठवा, किंवा आत्ताच्या गोळ्यांचा व्हिडिओ पाठवा. आधी सांगून ठेवलंय त्यांना, त्या हसतात आणि पाठवतात. ज्याला याचा राग येईल त्याला चावी द्यायचीच नाही असं मी ठरवलंय. पाऊच पण मोजूनच ठेवते, आणि रिकामे फेकू नका, धुऊन पिशवीत ठेवा म्हणून सांगते.

पैसे परत मिळाले नाहीत. प्रोफाइल रिपोर्ट केलं, ते गेलं. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने एक लिंक पाठवली, नवीन नाव, नवीन प्रोफाइल, तेच सर्टिफिकेट. आणि 'हॅपी क्लायंट्स'मध्ये तिसरा फोटो आमच्या मन्याचा, खाली उन्हाची पट्टी तशीच. परत रिपोर्ट केलंय, अजून उत्तर नाही.