सोलरचे अकरा महिने आणि रोजचं वीस लिटर गार पाणी

मागच्या आठवड्यात सर्व्हिसवाला येऊन गेला आणि आमच्या घरातला जुना वाद पुन्हा पेटला. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या 20 काचेच्या नळ्यांपैकी एक नळी दुपारी हाताला चांगली कोमट लागत होती, बाकीच्या 19 गार. ह्यांचं म्हणणं, तीच एक नळी नीट चालते, बाकीच्या कंपनीनं गळ्यात मारल्या. सर्व्हिसवाल्यानंही मान डोलावली!

मी म्हटलं, अगदी उलट आहे. उकळता चहा भरलेला थर्मास बाहेरून गरम लागला तर तो चांगला म्हणायचा का? ही नळी म्हणजे लांबलचक थर्मासच. काचेचे दोन थर, मधली हवा काढून टाकलेली. ऊन आरपार आत जातं, आतल्या काचेवरचा काळा लेप ते शोषतो, पण तापलेल्या पाण्याची उष्णता त्या पोकळीतून बाहेर येऊ शकत नाही. म्हणून बाहेरची काच गारच राहायला हवी. शेवटी त्याला नळी काढून खालचं टोक बघायला लावलं. तिथे बेरियमचा चंदेरी आरसा असतो, हवा शिरली की तो पांढरा पडतो. आमच्या कोमट नळीचा दुधासारखा पांढरा झाला होता. तरी कंपनीचं एकच पालुपद, काच फुटलेली नाही, सबब वॉरंटीत बसत नाही. तीन फोन केले आणि 400 रुपये भरले, तेव्हा कुठे नवी नळी आली. याचा राग अजून गेलेला नाही.

पण मला लिहायचंय ते पाइपाबद्दल.

200 लिटरचा सोलर आहे, बाकी माहिती सगळ्यांना असतेच. पाणी उत्तम तापतं. 22 अंशांवरून 57 वर न्यायला गिझरला रोज 8 युनिट वीज लागली असती, ती हिवाळाभर वाचली. पावसाळ्यात ढग असले की हीटर लावावा लागतो, त्यात नवीन काही नाही. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, पंप नसताना गरम पाणी टाकीत चढतं कसं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. 60 अंशांचं पाणी 20 अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे 15 ग्रॅम हलकं असतं. गार, जड पाणी टाकीतून नळीत खाली उतरतं आणि गरम पाण्याला वर ढकलतं. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वर चढत नाही, ढकललं जातं." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं.

आता पाइप. टाकी गच्चीच्या एका कोपऱ्यात, बाथरूम दुसऱ्या टोकाला. मध्ये 20 मीटर पाइप, तोही तेव्हा एक इंची. नळ सोडला की आधी पाइपात रात्रभर निवलेलं पाणी येतं. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर मावतं, म्हणजे 10 लिटर. सकाळ-संध्याकाळ मिळून 20. या हिशेबानं अकरा महिन्यांत 6,600 लिटर होतात. पाच हजार लिटरचा टँकर भरून वर उरेल इतकं. माझं माहेर माण तालुक्यातलं. एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघत मोठी झाले मी. ते पाणी मी बादलीत धरून झाडांना आणि फरशीला वापरते, पण पाहुणे सरळ मोरीत सोडतात तेव्हा जीव तुटतो.

अर्धा इंची पाइप असता तर साडेतीन लिटरवर भागलं असतं. प्लंबरला विचारलं तर म्हणाला, "काकू, जाड पायपात प्रेशर जास्त येतंय की. बारकी घातली असती तर तुम्हीच बोलला असता." बीएस्सीला फिजिक्स घेतलेली मी, हे कसं ऐकून घेणार? दाब उंचीवर ठरतो, जाडीवर नाही. टाकीतलं पाणी नळापेक्षा 4 मीटर वर आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 0.4 किलो, पाइप कसाही असो. हे म्हणाले, कासचं पाणी नाही का विनापंप साताऱ्यात येत, उंची आहे म्हणूनच ना! कारखान्यात फिटर असलेले भाऊजी मात्र प्लंबरच्या बाजूनं.

भाऊजींचं घर मागेच. टाकी तेवढ्याच उंचीवर, लांबीही जवळपास तेवढीच, पाइप अर्धा इंची. 15 लिटरची बादली घेऊन दोन्हीकडे वेळ लावली. आमच्याकडे 48 सेकंद, त्यांच्याकडे 1 मिनिट 26 सेकंद. मी गप्प झाले.

मग गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी दोन्ही घरांत नळाला जोडून वर धरली. दोन्हीकडे पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढून थांबलं. म्हणजे पाणी थांबलेलं असताना दाब सारखाच. ते वाहायला लागलं की बारीक पाइपात घर्षण फार होतं, मिळालेली उंची वाटेतच खर्च होते आणि धार बारीक पडते. माझं म्हणणं बरोबर होतं आणि प्लंबरचा अनुभवही बरोबर होता, फक्त तो धारेला प्रेशर म्हणत होता. त्याला फोन करून तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मी तेच म्हणत हुतो."

त्यामुळे अर्धा इंचीचा हट्ट मी सोडला. सप्टेंबरमध्ये पाऊण इंची पाइप घातला, मजुरीसह 4,100 रुपये. आता गार पाणी सव्वासहा लिटर, बादली 57 सेकंदांत. ह्यांच्या मते पैसे कधीच वसूल होणार नाहीत. पाणीपट्टीच्या हिशेबानं खरंच होणार नाहीत, तरी केलं ते चुकलं असं मला वाटत नाही.

पाइपावर फोमचं आवरण चढवलं की पहाटे लगेच गरम येईल, असं भाऊजी म्हणत होते. तसं होत नाही. 200 लिटरची टाकी रात्रभरात पाच-सहा अंशच उतरते. पाइपातलं पाणी इतकं थोडं आणि त्या मानानं त्याला उघडी बाजू इतकी जास्त, की आवरण असूनही ते पहाटेपर्यंत गार होतंच. फायदा एवढाच की माझ्यानंतर अर्ध्या तासात कुणी आंघोळीला गेलं तर त्याला थेट गरम मिळतं. घालायचं तर तेवढ्यासाठी घाला.

दिवाळीनंतर माहेरी भावाकडे सोलर बसतोय. टाकी बाथरूमच्या बरोबर वर, पाऊण इंची पाइप, लांबी 6 मीटर. गार पाणी दोन लिटरसुद्धा निघणार नाही. बसवायच्या दिवशी मी टेप घेऊन तिथे हजर राहणार आहे.