जीसन सोडून कोटलिनएक्स सिरियलायझेशन: केळी खरेदीच्या अ‍ॅपवर हंगामभर वापरल्यानंतर

रावेर-यावल पट्ट्यात केळी खरेदीच्या नोंदी घेणारं अँड्रॉइड अ‍ॅप, मागे सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस. नोंद साधी: शेतकरी, वाण, क्विंटल, भाव, कापणीची तारीख. सर्व्हरशी देवाणघेवाण जेसन या मजकुरी स्वरूपात होते आणि त्याचे कोटलिन भाषेतले ऑब्जेक्ट करायला (आणि उलट) लायब्ररी लागते. आधी त्यासाठी गूगलची जीसन होती, हा हंगाम कोटलिनएक्स सिरियलायझेशनवर काढला. बदल करण्यासारखा आहे. पण मूळ सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर डेटा गुपचूप गळतो.

जीसनची खरी अडचण अशी की ती कोटलिनचे नियम जुमानत नाही. क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) नसेल तर ती कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट उभा करते. त्यामुळे लिहिलेल्या डिफॉल्ट व्हॅल्यू लागत नाहीत, नॉन-नल, म्हणजे रिकामी राहू न शकणाऱ्या, स्ट्रिंगमध्ये नल बसतो आणि डबल (दशांश संख्या) असेल तर सरळ शून्य. सर्व्हरकडून भाव आलाच नाही, तरी बिल शून्य रुपयांचं बनतं आणि अ‍ॅप हूं की चूं करत नाही. कोटलिनएक्स तिथेच थांबते आणि कोणतं फील्ड आलं नाही ते नावानिशी सांगते. शिवाय कीची, म्हणजे जेसनमधल्या फील्डची, नावं कंपाइल होतानाच पक्की होतात. जीसनमध्ये फील्डचं नाव पक्कं करणारं सिरियलाइज्डनेम लावलं नसेल तर डीबगला सगळं छान आणि रिलीज बिल्डमध्ये कोड आटवणाऱ्या आर-एट या साधनाने फील्डची नावं ए, बी, सी केलेली, हा ताप इथे नाही.

आता सेटिंग. अनोळखी की सोडून देणारं इग्नोअर-अननोन-कीज मुळात बंद असतं. सर्व्हरवर एक नवीन फील्ड वाढवलं की जुनी अ‍ॅप कोसळतात, आणि खेड्यातल्या फोनवर अ‍ॅप कोण रोज अपडेट करतंय? ते आधी चालू करा. दुसरं एन्कोड-डिफॉल्ट्स (डिफॉल्टइतकीच किंमत असली तरी ती पाठवायची), हेही बंदच. वाणाला 'ग्रँड नैन' हे डिफॉल्ट दिलं असेल तर त्या वाणाच्या नोंदीत वाणाची की जातच नाही. टेबलात नल पडतो आणि अहवालात सगळ्यात जास्त विकला जाणारा वाणच गायब. कोअर्स-इनपुट-व्हॅल्यूज चालू ठेवलं तर एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीत) नसलेली किंमत किंवा नल आल्यावर डिफॉल्ट बसतं. मात्र भावासारख्या फील्डला डिफॉल्ट देऊच नका, नाहीतर जीसनचाच रोग परत आला.

पीएचपीकडचे दोन घोटाळे ठरलेले. रिकामा असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नाव आणि किमतीच्या जोड्यांचा) जेसन करताना चौकोनी कंस होतो, महिरपी नाही. दरांचा तक्ता भरलेला असेपर्यंत चालतो, सुट्टीच्या दिवशी रिकामा आला की 'ऑब्जेक्ट हवा होता, अ‍ॅरे मिळाला' अशी एरर. सर्व्हरवर ऑब्जेक्टमध्ये कास्ट करून पाठवा. मायएसक्यूएलच्या टायनीइंट कॉलमचे ० आणि १ बूलियन (खरं-खोटं) म्हणून वाचले जात नाहीत, तेही तिथेच बदला.

पुढचा घोळ कोणत्याच लायब्ररीचा नाही, पण मराठी अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकाला गाठतो. भाव स्ट्रिंग-फॉरमॅटने दोन दशांश करून पाठवला आणि फोनची भाषा मराठी असली, तर '१२५०.००' हे देवनागरी अंकांतच जातं. पीएचपी त्याचं फ्लोट करताना ० धरतं. इंग्रजी भाषेच्या फोनवर कधी सापडत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये निसटतं. फॉरमॅटला लोकेल-रूट, म्हणजे कोणत्याही भाषेचं नसलेलं लोकेल, द्या. त्याहून बरं म्हणजे रक्कम रुपयांऐवजी पैशांत, लाँग (पूर्णांक) म्हणून पाठवा, फॉरमॅट फक्त स्क्रीनवर. तारखेचंही तेच: मध्यरात्रीची भारतीय वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीची १८:३० होते आणि कापणी एक दिवस मागे सरकते. नुसती तारीख हवी असेल तर वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग पाठवा, वेळ लावूच नका.

एरर पहिल्याच अक्षरावर दाखवत असेल तर मॉडेल क्लास उकरत बसू नका. बहुतेकदा जेसन आलेलंच नसतं, ५०२ या सर्व्हर-एररचं एचटीएमएल पान किंवा वायफायचं लॉगिन पान आलेलं असतं. कमांड लाइनवरच्या कर्लला लहान आय फ्लॅग (-i) लावून तीच रिक्वेस्ट मारा, स्टेटस आणि कंटेंट-टाइप आधी बघा. ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीचा लॉगिंग इंटरसेप्टर बॉडी लेव्हलवर ठेवला की नेमकं काय गेलं तेही दिसतं, पण फक्त डीबग बिल्डमध्ये. रिलीजमध्ये राहिला तर शेतकऱ्यांची नावं आणि टोकन सगळं लॉगमध्ये.

कोटलिनएक्स सिरियलायझेशनच्या कंपायलर प्लगइनची आवृत्ती कोटलिनच्या आवृत्तीशी जुळवावी लागते. कोटलिन वाढवताना दोन्ही एकदमच बदला.