विहिरीच्या क्रेनसाठी १२ एमएमचा वायर रोप, आतून वंगण भरलेला: दोन सीझन वापरून लिहितो आहे

माझी विहीर खोदायची क्रेन आहे, वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात काम चालते. इकडं सगळे संत्र्याचे बगीचे आणि पाणी वर्षागणिक खाली चाललं, त्यामुळं फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात, आंबिया बहाराची फळं झाडावर टिकवायची तर एप्रिल-मेमध्ये पाणी पाहिजेच, मग जुनी विहीर अजून दोन-तीन परस (परस म्हणजे पुरुषभर खोली) खाली न्यायची. पावसाळा लागेपर्यंत क्रेनला उसंत नसते. खाली चार-पाच माणसं उभी आणि वर दगडानं भरलेली बकेट, मधात फक्त तो एक रोप. म्हणून हे एवढं लांब लिहून राहिलो. सगळं वाचायला वेळ नसेल तर कापलेलं टोक कसं पाहायचं तेवढं तरी वाचून जा.

आधीचा रोप मी तालुक्याच्या ठिकाणाहून घेतला होता. दुकानाचं नाव घेत नाही, त्यानं काही फसवलं असंही म्हणत नाही, मी १२ एमएम मागितला आणि त्यानं १२ एमएम दिला. चकचकीत रोप, हात लावला तर हाताला डाग नाही, मला तर तेच आवडलं होतं, स्वच्छ माल आहे म्हणून. पहिला सीझन बरा गेला. मी वरून ग्रीस लावायचो, आणि ग्रीस संपलं की ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फडक्यानं फासायचो, इकडं सगळेच फासतात. दुसऱ्या सीझनच्या मधात एक दिवस बकेट वर येताना रोपातून बारीक करकर आवाज यायला लागला, पुलीवरून जाताना जास्तच. इंजिन बंद करायला लावलं, खालच्या माणसांना शिडीनं वर घेतलं. मग रोप जमिनीवर सोडून, जिथं तो पुलीवर जास्त घासते तिथं एक जाड सुवा दोन पेडांच्या मधात घातला आणि पिळाच्या उलट फिरवला.

आतून लाल भुगा पडला. कुंकवासारखा बारीक, कोरडा. क्रेनवरचा माझा जुना माणूस पाहून म्हणे, "काहून बाप्पा, वरून तं काळाकुट्ट तेलकट हाय, अन् आतून असा भुगा निंगून रायला?" सुवा अजून आत सरकवला तर आतल्या बाजूच्या तीन तारा तुटलेल्या, वरून एकही दिसत नव्हती. मधातला कोअर, म्हणजे ज्याच्याभोवती पेड वळलेले असतात तो गाभ्याचा दोर, तर झाडूच्या काड्यांसारखा पांढरा आणि मोडका. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण त्याच सकाळी त्याच रोपाला मी फासलेलं तेल पाहून "रोप मस्त आहे" असं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवून नागपूरला गेलो. इतवारीच्या बाजूला एक दुकान आहे, फक्त रोप, साखळ्या, शॅकल, पुली असाच माल ठेवते. काउंटरवर एक वयस्कर काका होते, आधी बरीच वर्षं रोपच्या कारखान्यात काम केलेले. मी सोबत नेलेला जुन्या रोपाचा तुकडा त्यांनी पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, घेताना टोक पाहिलं होतं का?" मी म्हटलं टोकात काय पाहायचं काका. त्यांनी रीळवरच्या रोपाला दोन ठिकाणी बाइंडिंग तार घट्ट गुंडाळली, मधात कटरनं कापलं आणि ते टोक माझ्या हातात दिलं.

हा फरक मला फोटोत दाखवता येत नाही म्हणून लिहून सांगतो. सहा पेड, एकेका पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकशे चौदा तारा, आणि त्यातली एकही कोरडी नाही. तार न् तार पिवळट-तपकिरी वंगणात बसलेली. मधातला कोअर घायपाताच्या वाखाचा, तोच घायपात जो आपल्या धुऱ्यावर उगवते, पण तेल पिऊन गडद झालेला. नखानं दाबला तर नखाखाली तेल आलं. माझ्या जुन्या तुकड्यातला वाख चुरून हातात आला होता.

काकांनी मग जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. साडेपाच एमएमची जाड सळई डायमधून ओढत ओढत बारीक करतात, तेव्हा साबणाची पावडर लावतात, पण ती डाय आणि तार घासू नये म्हणून, रोपच्या कामाची ती नाही. रोपचं वंगण नंतर लागते. पेड वळायच्या मशीनवर तारा ज्या जागी एकमेकींना येऊन मिळतात, बरोब्बर तिथं गरम करून पातळ केलेलं वंगण सोडतात, म्हणजे पीळ बसायच्या आधी प्रत्येक तारेला चारी बाजूनं लागते. कोअर आधीच तेलात मुरवलेला असते. मग सहा पेड त्या कोअरभोवती वळताना पुन्हा वंगण. थंड झालं की ते आतच धरून बसते. रोपावर ताण आला की पेड कोअरला दाबतात आणि कोअर थोडं थोडं तेल बाहेर सोडते.

आणि हे काहून पाहिजे, तर रोप पुलीवरून वाकते तेव्हा वाकाच्या बाहेरच्या तारेला लांबचा रस्ता आणि आतल्या तारेला जवळचा, म्हणून एकशे चौदाही तारा एकमेकींवर किंचित सरकतात. प्रत्येक बकेटीला जाताना एकदा, येताना एकदा. आमच्याकडं दिवसाला शंभरेक बकेटी निघतात, आता हिशोब करा. कोरडी तार तारेवर घासली की पोलादाची बारीक पूड निघते, ती हवेनं आणि विहिरीच्या ओलीनं गंजते, आणि तो गंज पुन्हा घासायचं काम करते. तोच माझा लाल भुगा. वरून कितीही ग्रीस लावा, घट्ट पिळाच्या आत ते शिरत नाही, उलट वरचं ग्रीस मुरमाची धूळ पकडून पॉलिश पेपर होऊन बसते. जळकं ऑइल तर त्याहून वाईट, त्यात इंजिनची झीज आणि आम्ल दोन्ही आलं.

माझे आजोबा बंडीला वंगणाची नळी टांगून फिरायचे आणि चाक काढून आसाला आतून वंगण लावायचे, तुंब्याला (चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्याला) बाहेरून कोणी लावत नाही. एवढी साधी गोष्ट घरात पाहिलेली असून मी रोपाला वरून तेल फासत बसलो, याचं वाईट वाटते.

घेतला तो रोप: १२ एमएम, ६×१९ (सहा पेड, पेडात एकोणीस तारा), फायबर म्हणजे वाखाचा कोअर, १७७० ग्रेड (तारेच्या ताकदीचा आकडा), आयएस २२६६ या वायर रोपच्या भारतीय मानकाचा. या मापाचा रोप साडेआठ टनाच्या आसपास ताण घेते आणि माझी भरलेली बकेट पाऊण टनाच्या आत राहते. माल उचलायला निदान पाचपट आणि जिथं माणसाचा जीव आहे तिथं दहापट राखून ठेवा असं काका म्हणाले, तेव्हा हे माप बसते. स्टील कोअरचाही दाखवला, तो थोडा जास्त ताण घेते आणि ड्रमवर चेपत नाही, पण माझा ड्रम लहान आणि फायबरवाला जास्त लवचिक, म्हणून हा. ९० मीटर घेतला, वजन सत्तेचाळीस किलोच्या आसपास भरलं. भाव आधीच्या रोपापेक्षा जवळपास दीडपट. घेताना जीवावर आलं हे खरं.

आता वापराचं. दोन सीझन झाले, चौदा विहिरी. नवा असताना व्हर्नियरनं १२.३ भरला होता, पहिल्या सीझननंतर १२.१, आता १२ ला आला. वरच्या तारा थोड्या चपट्या झाल्या, त्या होणारच, पण तुटलेली तार अजून एकही सापडली नाही आणि मी दर आठवड्याला फडकं धरून पूर्ण रोप फडक्यातून काढतो, तुटकी तार असली की फडकं अडकते. हात चुकूनही नाही, फडकं आणि हँडग्लोव्ह. या उन्हाळ्यात पुन्हा सुवा घालून पाहिलं, आत अजून ओलं आहे. माझा तोच जुना माणूस बोटाला लागलेलं तेल पाहून काहीच बोलला नाही, बोट सगळ्यांना दाखवत फिरला.

पुलीही वाचली. आधी पुलीच्या खाचेत पेडाचे ठसे उमटायचे, आता खाच गुळगुळीत आहे. आवाज तर जवळपास नाहीच, आणि मी याला फार मानतो, कारण खालून आवाज देणाऱ्या माणसाचं ऐकू येते.

तक्रारी पण आहेत. आपल्या इकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, हा रोप घाम गाळते. उन्हात उभ्या क्रेनवरून थेंब पडतात, कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि विहिरीचं पाणी पिण्याचं असेल तर मालकाला आधी सांगून ठेवावं लागते. पहिले पंधरा दिवस तर फारच. काकांना फोन केला तर म्हणे जास्त उष्णतेला न वितळणारं वंगण येते, ऑर्डर देताना सांगायला पाहिजे होतं. हे त्यांनी मला आधी विचारायला पाहिजे होतं असं माझं मत, विदर्भात माल विकता तर ऊन माहीत असायला पाहिजे. दुसरं, टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स तीन फोननंतर आली. आणि गाडीत चढवायला दुकानात माणूस नव्हता. पण बांधणी उत्तम करून दिली, टोक आजपर्यंत उकललं नाही, आणि रीळ कशी सोडायची ते स्वतः बाहेर येऊन दाखवलं: रीळ फिरली पाहिजे, वेटोळं पडून ठेवून बाजूनं ओढायचं नाही, एकदा आटी पडून मुरडला की तो भाग सरळ केला तरी कामातून गेला.

वंगण भरलेला आहे म्हणून विसरून जाता येत नाही, हेही सांगतो. वरचं तेल पुसलं जातेच. मी महिन्यातून एकदा वायर ब्रशनं माती काढतो, मग रोपचं पातळ तेल थोडं कोमट करून बरोबर पुलीच्या वाकावर सोडतो, कारण तिथंच पीळ थोडा उघडते आणि तेल आत जायला वाट मिळते. रॉकेल किंवा डिझेलनं धुवायचं नाही, आतलं वंगण पातळ होऊन निघून जाते. पावसाळ्यात रोप काढून शेडमध्ये लाकडावर ठेवतो, मातीवर कधीच नाही.

माझा मावसभाऊ बल्लारपूरकडं कोळसा खाणीत आहे, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणे आमच्याकडं माणसं उतरवायचा रोप रोज तपासल्याशिवाय पाळी सुरू होत नाही. वायर रोप निघालाच मुळी खाणीतून. १८३४ साली जर्मनीत हार्झ डोंगराच्या खाणीत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं तो वळून घेतला, तीन पेड आणि पेडात चार तारा, कारण साखळ्या तुटायच्या आणि तागाचे दोर सडायचे. खोल खड्डा, वर ओझं, खाली माणूस, आमच्या विहिरीत तेच आहे, फक्त आमच्याकडं रोज तपासणारा कोणी नेमलेला नाही.

रोपाला पाचपैकी साडेचार, अर्धा मे महिन्याच्या थेंबांचा कापला. दुकानाला चार. दुकान कुठलंही असो, टोक तुमच्यासमोर कापायला लावा, कोअर नखानं दाबा, हाताला डाग लागला तरच पैसे काढा. नको म्हणणाऱ्या दुकानातून मी तरी घेणार नाही. माल काही परदेशातून यायचा नाही, आपल्या चाळीसगावलाही कारखाना आहे, फक्त मागणारा पाहिजे.

दिवाळीनंतर भावाच्या क्रेनसाठी घ्यायचा आहे, या वेळी उन्हाळी वंगणाचा सांगणार. पूर्ण रीळ उचलली तर मीटरमागे भाव कमी लागते, वरुड, मोर्शी, काटोल भागात कोणाला ८०-९० मीटर पाहिजे असेल तर खाली लिहा, एकाच गाडीत आणू.