ऑनलाइन बायबॅकला कॅमेरा किट विकलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

स्टार आधीच सांगून टाकते: पाचपैकी तीन. मध्यंतरी एकच देणार होते, तोही शून्य द्यायची सोय नाही म्हणून.

विकायला काढलेलं सामान: निकॉन डी७५० कॅमेरा, तीन लेन्स (२४-१२० एफ/४, ५० एफ/१.८ जी, जुनी ८०-२०० एफ/२.८ डी) आणि एक फ्लॅश. मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतल्यावर हे सगळं कपाटात पडून होतं, आणि पडून राहिलेल्या बॉडीचा (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) भाव काही वाढत नाही. घासाघीस करायचा मला मनापासून कंटाळा. म्हणून जुने कॅमेरे विकत घेणारी एक ऑनलाइन कंपनी पकडली. मॉडेल टाका, अवस्था निवडा, कोट (म्हणजे ते देऊ करतात तो भाव) घ्या, पार्सल करा, पैसे खात्यात. कोट बघून तर खूशच झाले होते.

सामान पोचलं आणि ‘तपासणीनंतरचा सुधारित कोट’ अशी मेल आली. सुधारणा कुठल्या दिशेने झाली असेल ते सांगायला नको. बॉडीची श्रेणी एका पायरीने खाली, कारण अंगठ्याखालचं रबर सैल झालंय. ठीक आहे, झालंच होतं, आणि तसं फॉर्ममध्ये मी लिहिलंही होतं. पण २४-१२० च्या नावापुढे ‘आत फंगस’ (म्हणजे बुरशी) असा शेरा आणि किंमत निम्म्याहून खाली!

आता इथे मी जरा लांबण लावणार आहे, घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा. बाहेर येणाऱ्या बॅरलची (नळीची) कुठलीही झूम लेन्स पुढेमागे होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ येतेच. धूळ म्हणजे सुटे सुटे, स्पष्ट कडांचे ठिपके. फंगस वेगळं दिसतं: कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे, बऱ्याचदा काचेच्या कडेपासून आत सरकणारे. हेझ असेल तर काचेवर वाफ धरल्यासारखा सरसकट धुरकटपणा. मोबाइलचा टॉर्च मागून मारला आणि पुढून तिरपं पाहिलं की तिन्हींतला फरक नवशिक्यालाही कळतो. काचेवरच्या थोड्याफार धुळीने फोटोला काही होत नाही. फंगस मात्र काचेवरचा पातळ थर, कोटिंग, खाऊ शकतं, त्यामुळे किंमत पडते ती योग्यच. म्हणूनच तो शेरा खोटा असला की जास्त झोंबतो.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. पुरावा म्हणून त्यांनी जो फोटो पाठवला त्यात अ‍ॅपर्चर मिटलेलं होतं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची पाती जवळजवळ बंद! निकॉनच्या जी लेन्सना अ‍ॅपर्चर रिंग नसते. बॉडीवरून काढली की पाती मिटलेली राहतात. आत बघायचं असेल तर मागे माउंटपाशी (लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे) एक बारीक धातूची दांडी असते, ती बोटाने सरकवून धरावी लागते. तेव्हा कुठे पाती उघडतात आणि लेन्स आरपार दिसते. ज्याने ती दांडीच सरकवली नाही त्याला आतलं फंगस दिसलं कसं? मी हेच विचारलं, तर उत्तर आलं, ‘आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे.’ मी दांडी सरकवून घरी काढलेले फोटो पाठवले. पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव बदललेलं. त्या दांडीवरून मी जितक्या मेल लिहिल्या तितक्या नोकरीतसुद्धा लिहिल्या नसतील.

शेवटी बॉडी आणि दोन्ही एएफ-एस लेन्स (आत स्वतःची फोकस मोटर असलेल्या, म्हणजे २४-१२० आणि ५०) परत मागवल्या. अटीत बारीक अक्षरात होतं की सुधारित कोट नाकारला तर परतीचं कुरिअर विकणाऱ्याच्या खर्चाने. ते पैसे भरताना झालेली जळजळ अजून गेलेली नाही.

मग थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं. जाहिरातीत पहिला फोटो टाकला तो टॉर्चचा: दांडी सरकवलेली, पाती उघडी, धुळीचे ठिपके दिसताहेत. दुसरा त्या सैल रबराचा, अगदी जवळून. चकाचक फोटो त्यानंतर. गंमत म्हणजे ‘फायनल किती?’ एवढंच विचारून गायब होणारे यामुळे बरेच कमी झाले. जे आले त्यांचे प्रश्न नेमके होते. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, सगळ्यांनी विचारला. डी७५० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे असं निकॉन सांगते, माझा आकडा त्याच्या बराच खाली होता. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) हा आकडा असतो, पण फाइल कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली हवी. चॅटवर फोटो म्हणून पाठवली की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सेन्सरवर धूळ आहे का ते दिसावं म्हणून एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तोही जोडला.

एका जाणकाराने तर ट्रायपॉड स्क्रूच्या भोकाचा फोटो मागितला! डी७५० २०१४ साली आला तेव्हा काही कॅमेऱ्यांत प्रखर उजेड फ्रेमच्या वरच्या बाजूला असला की चमत्कारिक फ्लेअर (उजेडाचा पट्टा) दिसायचा. निकॉनने ते फुकट दुरुस्त करून दिलं, आणि तो प्रश्न मिटलेल्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका असतो. माझ्यात तो होता. फोटो पाठवला, त्याने भावात एक शब्द न काढता बॉडी आणि ५० एकत्र नेले.

२४-१२० वेगळी विकली. एकगठ्ठा किट घेणारा प्रत्येक वस्तूवर सूट मागतो, सुटं विकलं तर कटकट वाढते पण पैसेही वाढतात. कंपनीने लावलेल्या ‘सुधारित’ भावापेक्षा या लेन्सचे पुष्कळ जास्त आले. पहिल्या कोटपेक्षा मात्र थोडे कमीच, हेही सांगायला हवं.

इथवर वाचून कंपनीला शिव्या घालायला बसला असाल तर थांबा, माझंही मत नंतर थोडं बदललं. ८०-२०० आणि फ्लॅश मी त्यांच्याकडेच राहू दिले होते, कारण त्यांच्या कोटला हात लागला नव्हता. मनात होतं की एवढी दणकट एफ/२.८ लेन्स स्वस्तात गेली. नंतर त्याच लेन्सच्या इतरांच्या जाहिराती पाहत राहिले, तर त्या आठवडेच्या आठवडे तशाच, भाव उतरत चाललेले. कारण सरळ आहे. या डी लेन्सला स्वतःची मोटर नाही, फोकस बॉडीतल्या मोटरने फिरतो. २०१८ मध्ये निकॉनची झेड मालिका आली, तिच्यावर जुन्या लेन्स बसवायला एफटीझेड अ‍ॅडॉप्टरही आला, पण त्यात ती मोटर नाही. म्हणजे त्यावर ही लेन्स हाताने फोकस करा. २४-१२० सारख्या एएफ-एस लेन्स त्याच अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस करतात, म्हणून त्यांना मागणी आहे. तेव्हा ज्या वस्तूला गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल ती बायबॅकला देऊन मोकळं व्हावं, ज्याची विचारणा रोज होते ते स्वतः विकावं. पैसेही त्यांनी वेळेवर टाकले. म्हणून तीन स्टार.

कोणी पाठवणार असेल तर आधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: कोट पार्सल निघाल्याच्या तारखेला धरणार की तपासणीच्या, आणि परतीचं कुरिअर कोण भरणार. पॅकिंग करताना सिरियल नंबरसकट व्हिडिओ काढा. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. मेनूत कॉपीराइटखाली घातलेलं स्वतःचं नाव पुसा, ते राहिलं तर पुढच्या माणसाच्या प्रत्येक फोटोत तुमचं नाव जाईल. मूळ खोका असेल तर जरूर द्या, त्यावरचा नंबर बॉडीशी जुळला की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. माझा माळ्यावर सापडला आणि त्याचे चक्क पैसे झाले. कंपनीने मात्र खोक्याबद्दल विचारलंही नव्हतं.

मेमरी कार्डं मी कोणालाच दिली नाहीत. कॅमेऱ्यातून नुसतं फॉरमॅट केलं तरी फोटो परत काढता येतात, आणि जुन्या कार्डाला मिळतात ते पैसे त्या मानाने अगदीच चिल्लर.