चार टायर की आठ?

थंडीच्या शहरात बदली झाली की महिना-दोन महिन्यांत हा प्रश्न दारात उभा राहतोच. हिवाळ्यासाठी वेगळे विंटर टायर घेऊन वर्षातून दोनदा अदलाबदल करायची, की बाराही महिने चालणारे ऑल-वेदर एकदाच बसवून मोकळं व्हायचं? मी पहिला हिवाळा गाडीबरोबर आलेल्या साध्या ऑल-सीझनवर काढला, पुढचे तीन विंटर टायरवर, आणि आता ऑल-वेदरवरचा दुसरा हिवाळा चालू आहे. मी काही यातला तज्ज्ञ नाही. तिन्हींवर घसरून झालंय, एवढाच अधिकार.

आधी नावांचा घोळ, कारण पहिल्या वर्षी मी त्यातच फसलो. टायरच्या कडेला नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल, तर चिखल आणि बर्फाचा तो दावा कंपनीने नक्षीच्या जोरावर स्वतःच केलेला असतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असेल, तर तो टायर बर्फावरची चाचणी देऊन आलेला असतो. विंटर आणि ऑल-वेदर दोन्हींवर ही खूण असते. काही देशांत 'ऑल-सीझन' नावाच्या टायरवरही ती सापडते, तेव्हा नाव सोडा आणि खूण बघा. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी नुसतं एम+एस धरतच नाहीत. माझ्या पहिल्या वर्षीच्या ऑल-सीझनसारख्या बिनखुणेच्या टायरना या निवडीत मी घेतलेलंच नाही. थंडी साधारण ७ अंशांच्या खाली गेली की त्यांचं रबर कडक व्हायला लागतं आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी फारसा उपयोग होत नाही.

आता पकड. माझ्या घराकडून मोठ्या रस्त्याला लागताना एक उतार आहे, खाली सिग्नल, आणि सिग्नलच्या थोडं अलीकडे दिव्याचा खांब. माझं मोजमापाचं यंत्र म्हणजे हा खांब. बर्फ पडलेल्या सकाळी रोजच्याच जागी, रोजच्याइतकाच ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे थांबते ते बघायचं. ऑल-सीझनवर ती खांब ओलांडून, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला देत, झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभी राहिली होती. विंटर टायरवर खांबाच्या बऱ्याच अलीकडे. ऑल-वेदरवर खांबापाशी, कधी हातभर पुढे. एवढाच फरक. दाबून बसलेल्या बर्फावर विंटर टायर सरस आहेत, यात शंका नाही. निव्वळ काचेसारख्या बर्फावर ते आणखी सरस. ती डोंगराची खूण दाबून बसलेल्या बर्फावरच्या पकडीची आहे, गोठलेल्या पाण्यावरची नाही. युरोपात २०२१ पासून त्यासाठी टायरच्या लेबलवर वेगळं चिन्ह आलंय.

एवढं असूनही मी विंटर टायर सोडले. कारण सांगतो.

अदलाबदल. ऐकायला दोन तासांचं काम. प्रत्यक्षात पहिल्या बर्फाचा अंदाज बातम्यांत आला की त्याच दिवशी अख्ख्या शहराला टायर आठवतात आणि गॅरेजवाला तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो. मी स्वतःला शहाणा समजून लवकर तारीख घ्यायला गेलो, तर महिनाभर कोरड्या, उबदार रस्त्यावर मऊ रबर झिजवत बसलो. वळणावर गाडी रबरी चपला घातल्यासारखी लुचलुचत जायची. दुसऱ्या वर्षी थोडं थांबलो. बर्फ गुरुवारी पडला, माझी तारीख पुढच्या मंगळवारची. म्हणजे वर्षातला सगळ्यात घसरडा आठवडा! तापमान शून्याच्या आसपास, वितळून पुन्हा गोठलेलं पाणी, बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या गाड्या अजून जाग्या व्हायच्या, लोकांचे पाय उन्हाळ्याच्या सवयीचे. आणि माझे उत्तम विंटर टायर तळघरात एकावर एक रचून झोपलेले. त्या चार दिवसांत ऑफिसला बसने जाताना मी हा हिशेब केला. उणे पंधरात कोरडा बर्फ असतो, रस्ते साफ केलेले असतात, सगळे जपून चालवतात. तेव्हा माझ्याकडे सर्वोत्तम टायर. आणि खरी गरज असते त्या दिवशी सर्वात वाईट.

स्वतः बदलता येतात की, असं कुणी म्हणेल. वेगळे रिम घेऊन तेही केलं. चार चाकं तळघरातून वर, चार खाली. कोणतं चाक कुठलं हे कळावं म्हणून आतल्या बाजूला खडूने 'पु. डा.', 'मा. उ.' असं लिहून ठेवायचो. माझ्या टायरना फिरण्याची दिशा ठरलेली होती; कडेला बाण असतो, उलटं बसवून चालत नाही. एका वर्षी तळघरात ओल आली आणि खडू पुसला गेला. थंडीत उकिडवं बसून, टॉर्च दातात धरून बाण शोधताना माणूस स्वतःशी काय काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, हेही लक्षात ठेवायचं.

खर्चावर फार बोलत नाही. आठ टायर म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण एक जोडी वापरात असताना दुसरी विश्रांती घेते, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. फक्त रबर वयानेही कडक होतं. कडेच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. ऑल-वेदर बाराही महिने झिजतात आणि कडक उन्हाळ्यात उन्हाळी टायरइतके नेटके वाटत नाहीत. मला तो फरक जाणवला, पण खुपला नाही.

कुठलेही घ्या, चारही घ्या. पुढे दोनच विंटर लावले तर ब्रेक मारल्यावर मागची बाजू पुढे यायला बघते. फोर-व्हील ड्राइव्हवर तर अजिबात विसंबू नका. ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फापुरता टायर संपला समजा, बऱ्याच देशांत कायदा १.६ पर्यंत चालवू देत असला तरी. थंडीत हवाही उतरते, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). पहिल्या गारठ्यात डॅशबोर्डवर दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरा. वॉशरमध्ये न गोठणारं पाणी हवं, हे मी भर रस्त्यात काच आंधळी झाल्यावर शिकलो.

तुमचं घर डोंगरात असेल, पहाटे रस्ता साफ व्हायच्या आधी निघावं लागत असेल, किंवा हिवाळा सहा महिने मुक्काम ठोकणारा असेल, तर माझं ऐकू नका, विंटर टायरच घ्या. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिमकणाची खूण असलेले टायर सक्तीचे आहेत, तसा काही नियम तुमच्याकडे आहे का तेही बघा. पण शहरात राहून, बर्फ ढकलणारी गाडी फिरवून साफ केलेल्या रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्या माणसाला ऑल-वेदर पुरतात, असं निदान माझं तरी मत झालंय. या वर्षी पहिला बर्फ पुन्हा अवेळी पडला. मी खाली गेलो, काच खरवडली आणि निघालो. खांबापाशी थांबलो.

जुने चार विंटर टायर टेकडीवर राहणाऱ्या एका सहकाऱ्याने नेले. बसवायला घेतले तेव्हा त्याचा फोन आला. या मागच्या बाजूला पुसट काहीतरी लिहिलंय, ते काय आहे म्हणून विचारत होता.